वयांतला फरक

"मेंढी नको." तय्यब साहेबांनी कागद टेबलावरून परत सरकवला. "बकरी ईदच्या तोंडावर पोरांना मेंढीच्या किमतीचं समीकरण घालायचं, आणि ज्याच्या घरी यंदा मेंढी येणार नाही त्याने काय करायचं? पेपर सोडून डोळे पुसत बसायचं?"

खैराने मेंढी खोडली. सकाळपासून हेच चाललं होतं. समुद्र गेला, कारण दक्षिणेतल्या वाळवंटातल्या मुलांनी तो पाहिलेला नसतो. रेल्वे गेली, कारण निम्म्या देशात रूळच नाहीत. गच्चीवरची पाण्याची टाकी तिने मोठ्या आशेने मांडली होती. दिवसाआड येणारं पाणी पुरवायचं कसं, हा हिशेब घराघरातला. पण साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, पाणी दिवसाआड येतं हे सरकारी पेपरात सरकारनेच छापायचं का.

माध्यमिक प्रमाणपत्राच्या गणिताच्या पेपरात शेवटचा प्रश्न आठ गुणांचा असतो. त्याला सगळे 'प्रसंग' म्हणतात. रोजच्या जगण्यातलं काहीतरी घ्यायचं, त्यातल्या एक-दोन गोष्टींचं मोल लपवायचं, आणि मुलांनी ते समीकरण मांडून शोधायचं. पेपरातला बाकीचा भाग कुणीही रचू शकतो. प्रसंग रचायला माणूस लागतो, असं शिक्षक एकमेकांत म्हणत. खैराने अठ्ठावीस वर्षं तियारेत शहरातल्या शाळेत मुलांकडून प्रसंग सोडवून घेतले होते. आता पहिल्यांदा तिला तो रचायला बोलावलं होतं, पेपराचे प्रमुख असलेल्या तय्यब साहेबांच्या हाताखाली.

बोलावलं म्हणजे कोंडलं. पेपर काढणारे सगळे शिक्षक अल्जियर्सच्या वरच्या टेकडीवरच्या एका इमारतीत राहत. मोबाईल पहिल्याच दिवशी कापडी पिशवीत घालून लाखेने बंद करून घेतले जात. खिडक्यांच्या काचांना अर्ध्यापर्यंत पांढरा कागद चिकटवलेला होता. देशभरातला शेवटचा पेपर संपेपर्यंत कुणालाही फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नसे. गेल्या वर्षी एका भूगोलाच्या शिक्षकाचा दात सुजला, तेव्हा दातांचा डॉक्टरच आत आणला आणि मग त्यालाही परीक्षा संपेपर्यंत ठेवून घेतला, असं जेवणाच्या टेबलावर सांगत. खरं-खोटं कुणाला माहीत.

हा मान मिळावा म्हणून तिने किती वर्षं वाट पाहिली होती. आणि मिळाला तो अशा वेळी.

तिचे वडील, हाजी मिलूद, तियारेत ते ओरान बस चालवायचे. निवृत्तीनंतरही बरीच वर्षं ठणठणीत होते. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे खाकी टोपी घालून ते किल्ल्या शोधू लागले, आणि त्यानंतर त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस उतरत गेलं. ओरानला राहणारा मुलगा आला की ते त्याला कंडक्टर समजून तिकिटांचा हिशेब मागत. शेजारच्या बख्ताला रोज नव्या नावाने हाक मारत. खैरा तेवढी राहिली होती. ती समोर आली की त्यांच्या चेहऱ्यावरची शोधाशोध थांबायची. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की रोजचं माणूस रोज दिसत राहिलं पाहिजे. मधे खंड पडला तर परत ओळख लागेल याची खात्री देता येणार नाही.

तरीही ती आली. बख्ता म्हणाली, "जा गं, मी आहे ना. महिन्याचा तर प्रश्न." आणि खैरा आली. इथे आल्यावर पहिले चार दिवस ती रात्रभर गाढ झोपली. कुणी उठवलं नाही, कुणी जिना उतरून स्टँडकडे निघालं नाही. पाचव्या दिवशी जागी झाल्यावर तिला त्या झोपेची शरम वाटली, आणि तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

घरच्यांचा निरोप दर गुरुवारी येई. घरून एका ठरावीक नंबरावर फोन करायचा, आणि मोक्रान नावाचा अधिकारी तो निरोप तीन ओळींत लिहून घ्यायचा. हा पूर्वी पोलिसात होता. आता इमारतीच्या शिस्तीचं काम पाहायचा आणि मागच्या अंगणात मांजरांना सार्डीन माशांची डोकी घालायचा. निरोप पोचवण्याआधी तो त्यातले सगळे आकडे जाड काळ्या पेनने झाकून टाकी. नियमच होता. आकड्यातून कोण काय कळवेल सांगता येत नाही. पेपर फुटतात ते आकड्यांनीच.

पहिल्या गुरुवारी खैराला निरोप मिळाला: 'हाजी बरे आहेत. जेवतात. दिवसातून ▇ वेळा तुला विचारतात.'

दुसऱ्या गुरुवारी: 'हाजी बरे आहेत. काल दाढी केली. दिवसातून ▇ वेळा तुला विचारतात.'

तिने दोन्ही चिठ्ठ्या खिडकीच्या वरच्या, उघड्या काचेला लावून पाहिल्या. मोक्रानचं पेन चांगलं होतं. पलीकडून काही दिसलं नाही.

त्या दिवशी दुपारच्या जेवणाला लोबियाचा रस्सा होता. ती ताट घेऊन मोक्रानच्या टेबलाशी गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, की आकडा सांगू नका, फक्त एवढं सांगा, दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान होता की मोठा.

मोक्रानने पावाचा तुकडा मोडला. "बाई, लहान-मोठं हेपण गणितच झालं की."

"हो."

"मग मला परवानगी नाही. आणि खरं सांगू का, मी आकडा बघतो आणि झाकतो. लक्षात ठेवत नाही. इथे बावीस जणांचे निरोप येतात. कुणाच्या बायकोचा रक्तदाब, कुणाच्या पोराचा ताप. सगळं लक्षात ठेवत बसलो तर मलाच डॉक्टर लागेल."

ती परत आली. तय्यब साहेबांनी विचारलं, काय मागायला गेला होतात. मीठ, म्हणाली. मीठ टेबलावरच होतं. साहेबांनी ते तिच्याकडे सरकवलं आणि पुढे काही विचारलं नाही.

प्रसंग मात्र अजून रिकामाच होता. तिने शेवटी बस घेतली. बस सगळीकडे असते. डोंगरात, वाळवंटात, किनाऱ्यावर. आणि खरं तर तिचं सगळं गणित बसमध्येच सुरू झालं होतं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सुट्टीच्या दिवशी घरी सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून वडील तिला ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवून घेऊन जात आणि आरशातून तिच्याकडे बघत कोडी घालत. रेलिझानला अकरा उतरले, सात चढले, आता गाडीत तेहतीस आहेत, तर तियारेतहून किती निघाले होते? ती बोटं मोडत बसायची. उत्तर बरोबर आलं की ते हॉर्न वाजवायचे. प्रवाशांना वाटायचं, रस्त्यात मेंढ्या आल्या.

साहेबांना बस पटली. शाळेची बस करा म्हणाले, म्हणजे कुणाला खटकणार नाही. खैराने रात्रीच्या जेवणाआधी प्रसंग लिहून काढला. शाळेची बस दोन गावांतून मुलं घेते. दोन्ही गावांची मिळून बेचाळीस मुलं बसमध्ये असतात. एके दिवशी पाऊस असल्याने प्रत्येक गावातून तीन-तीन मुलं आली नाहीत, तेव्हा बसमध्ये छत्तीस मुलं होती. तर प्रत्येक गावातून रोज किती मुलं येतात? पुढे डिझेल, अंतर, आलेख असे उपप्रश्न होते. उत्तरही तिने खाली लिहिलं, चोवीस आणि अठरा, आणि ते दोन्ही वाक्यांत घालून ताडून पाहिलं. जुळलं. साहेब त्या दिवशी भौतिकशास्त्रवाल्यांशी वर्ग-खोल्यांवरून वाद घालण्यात गुंतले होते. त्यांनी वरवर वाचून सही केली.

पेपर तयार झाला की तो सिलियाकडे जायचा. सिलिया तिझी-वझूची तरुण शिक्षिका. तिला दुसऱ्या बाजूला वेगळं ठेवलं होतं. प्रश्न रचले जात असताना तिने काही ऐकायचं नाही, आणि तयार पेपर मुलांसारखा बसून, घड्याळ लावून सोडवायचा, एवढंच तिचं काम. दुसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका घेऊन आली आणि दारातच घुटमळली.

"बसा," साहेब म्हणाले. "किती वेळ लागला?"

"शेवटचा सोडून सगळं वेळेत झालं. शेवटचा सुटत नाही, साहेब."

साहेबांनी खैराकडे पाहिलं. खैरा म्हणाली, "सुटतो. चोवीस आणि अठरा."

"चोवीस आणि अठरा चालतं," सिलिया म्हणाली. "वीस आणि बावीसपण चालतं. तीस आणि बारा घातलं तरी चालतं. मी सकाळपासून घालून बघतेय, बाई, सगळंच चालतं."

खैराने कागद पुढे ओढला. दोन्ही गावांची मिळून बेचाळीस. प्रत्येकी तीन कमी, म्हणजे सहा कमी, म्हणजे छत्तीस. दुसऱ्या वाक्यात नवीन काहीच नव्हतं. पहिलंच वाक्य पावसात भिजवून परत लिहिलं होतं. अज्ञात दोन आणि माहिती एक. ही चूक आठवीतल्या पोराने केली असती तर तिने वहीवर लाल रेघ मारून शेजारी 'डोकं कुठे होतं?' असं लिहिलं असतं.

साहेब ओरडतील असं तिला वाटलं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "सही माझीपण आहे." सिलियाला त्यांनी कॉफी प्यायला पाठवलं, आणि ती गेल्यावर खैराला विचारलं, घरी काय आहे.

तिने सांगितलं. सगळं नाही, पण चिठ्ठ्यांचं सांगितलं. आकडा कमी होत असेल तर आपण त्यांच्या डोक्यातून उतरत चाललो, असं ती धरून चालली होती. रोज तेवढंच मनात चालू होतं, कमी की जास्त. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. ते फक्त म्हणाले, "आणि जास्त होत असेल तर? एकदा सांगितलेलं विसरतात म्हणून परत विचारतात, असंही असू शकतं की. माझी आई तसं करायची. उत्तर दिलं की पाच मिनिटांत पुन्हा तोच प्रश्न."

इतके दिवस तिच्या हे लक्षात आलं नव्हतं. आकडा खाली गेला तरी ते विसरत होते आणि वर गेला तरी विसरत होते. मोक्रानने काळं पेन बाजूला ठेवून आकडा तिच्या तळहातावर लिहून दिला असता, तरी त्यातून तिला हवं ते निघालं नसतं. ती चुकीचीच गोष्ट मोजायला बसली होती.

प्रसंग दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरली. पाऊस काढला. 'पहिल्या गावातल्या तीन मुलांनी दुसऱ्या गावाहून बस पकडली, तर दोन्हीकडून सारखीच मुलं येतील,' असं घातलं. आता चोवीस आणि अठराशिवाय दुसरं काही चालत नव्हतं. सिलियाने पुन्हा सोडवून दाखवलं आणि जाताना खैराच्या खांद्यावर हात ठेवून गेली. तिच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान पोर.

तिसऱ्या गुरुवारची चिठ्ठी आली: 'हाजी बरे आहेत. जेवतात. झोपतात.' त्यात विचारण्याचा विषयच नव्हता.

या वेळी ती जेवणापर्यंत थांबली नाही. मोक्रान मागच्या अंगणात होता. मांजरं त्याच्या पायात घोटाळत होती. ती म्हणाली, की मला आकडा नको, कमी-जास्तही नको. पुढच्या वेळी बख्ताचा फोन आला की हाजींना स्वतःला फोनवर बोलवायला सांगा, आणि त्यांना विचारा, तुमची खैरा कुठे आहे. ते जे म्हणतील ते मला सांगा.

"निरोप घरच्यांनी द्यायचा असतो, बाई. मी प्रश्न विचारायचे नसतात."

"नियमात तसं लिहिलंय?"

मोक्रानने विचार केला. "आकडे खोडायचे असं लिहिलंय," तो शेवटी म्हणाला. "माणसं खोडायची असं काही लिहिलेलं नाही." आणि सार्डीनचं शेवटचं डोकं त्याने लंगड्या मांजरीपुढे टाकलं.

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. पेपराचे तीन संच तयार झाले, लाखबंद झाले, चिठ्ठी टाकून त्यातला एक निवडला गेला. तिचाच प्रसंग असलेला. तय्यब साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं अभिनंदन केलं आणि शुक्रवारच्या कुस्कुसबरोबर ताकाचा पेला स्वतः भरून दिला. तिने आभार मानले. पेला तसाच राहिला. ती पॅसेजमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, परत यायची, आणि इतर शिक्षक भिंतीला चिकटून तिला वाट द्यायचे.

गुरुवारी मोक्रान चिठ्ठी घेऊन आला नाही. स्वतः आला. खोलीचं दार उघडं ठेवून तो दाराशीच उभा राहिला.

"बोललो," तो म्हणाला. "आवाज खणखणीत आहे त्यांचा. मला आधी वाटलं, दुसरंच कुणी फोनवर आलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, खैरा शाळेत गेलीय. संध्याकाळच्या बसने येईल. सर्दी झालीय म्हणे तिला, आणि स्वेटर घरीच विसरून गेली. तुम्ही शाळेतून बोलताय का, असं मलाच विचारलं. असाल तर तिला खिडकीपाशी बसवू नका म्हणाले. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

खैरा खाटेवर बसली. तिने मान हलवली, तेव्हा मोक्रान गेला.

वयांच्या उदाहरणांची सुरुवात ती नेहमी एकाच वाक्याने करायची. बापाचं वय मुलीच्या किती पट आहे हे दर वर्षी बदलतं, पण दोघांच्या वयांतला फरक कधी बदलत नाही. तो एकदा धरून ठेवला की कुठलंही उदाहरण सुटतं. फळ्यावर ती दोन समांतर रेघा ओढायची. एक लांब, एक आखूड, आणि वर्षं गेली तशी दोन्हींना सारखाच तुकडा जोडायची. तिचे वडील आता ब्याऐंशीचे होते. त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिला सर्दी झाली होती. खैराने मनातल्या मनात त्या दोन रेघा ओढून पाहिल्या. मग आपल्याला त्यात कुठे घालायचं ते तिला कळेना.

पण ते विसरले नव्हते. हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. नाव होतं. स्वेटर होता. समोर गेलं, आवाज ऐकला, की मधली वर्षं भरून निघतील. ज्याला मुलीचा स्वेटर आठवतो, त्याला चेहरा आठवणार नाही असं थोडंच आहे.

शेवटचा पेपर संपल्यावर फाटक उघडलं. लाखेच्या पिशव्या फोडून मोबाईल मिळाले. कुणी रडलं, कुणी तिथेच गाडीत गाणी लावली. खैराने बख्ताला फोन केला आणि एवढंच सांगितलं, की निघते आहे.

तियारेतला जाणाऱ्या शेअर टॅक्सीत तिच्या शेजारी एक बाई आणि तिचा मुलगा होता. मुलगा परीक्षा देऊन मावशीकडून परत चालला होता. आई त्याला शेवटच्या प्रश्नावरून छळत होती. तो म्हणाला, पहिल्या गावातून पंचवीस मुलं आणि दुसऱ्यातून सतरा. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, कसली मुलं. प्रसंग समजल्यावर तो म्हणाला, की असले प्रश्न काढणारे लोक कधी बसमध्ये बसत असतील असं वाटत नाही. गाडीत किती पोरं आहेत हे ड्रायव्हरला मोजून कळतं, समीकरण मांडून नाही. सगळे हसले. खैराही हसली. मुलगा तिच्याकडे आशेने बघत म्हणाला, "बरोबर असेल ना, काकू?" चूक एकाचीच होती, पुढचे उपप्रश्न सोडवता आले असतील तर बरेचसे गुण मिळाले असते. ती म्हणाली, मांडणी नीट लिहिली असशील तर काळजी करू नकोस.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. बख्ता जिन्यातच वाट बघत होती. तिने खैराला मिठी मारली, बारीक झालीस म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हाजी बरे आहेत. आज आंघोळ घातली. पायाला सूज नाही. किती वेळा विचारायचे, हे आता विचारता आलं असतं. खैराने विचारलं नाही.

"आणि तू घाबरू नकोस," बख्ता म्हणाली. "तुला ओळखणार ते. मी रोज सकाळी तुझा फोटो दाखवत होते. तो शाळेच्या समारंभातला, फळ्यासमोरचा. पहिल्यांदा नुसते बघायचे. आता दुरून बघूनसुद्धा मान डोलावतात. बघच तू."

खैराने बॅग उचलली आणि ती जिना चढली. दार लोटलेलं होतं. हाजी मिलूद बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा सदरा, खाकी टोपी. तिची चाहूल लागताच त्यांनी वळून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शोधाशोध थांबली. अगदी तशीच, नेहमीसारखी. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"या, या," ते म्हणाले. "या बाई. बसा."

मग ते तिच्या बाजूने दरवाज्यापर्यंत गेले आणि त्यांनी दार सताड उघडलं. घरात बाईमाणूस नसताना परकी बाई आली तर दार असं उघडं ठेवायचं, ही त्यांची रीत होती. "खैरा अजून आली नाही," ते म्हणाले. "बस लेट असेल. तुम्ही स्वतः आलात म्हणजे... काही केलं का तिने?"

बॅग अजून तिच्या हातात होती. ती तिने भिंतीशी ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही केलं. सहजच आले."

"हिशेबात कशी आहे?"

"चांगली आहे. घाई करते कधी कधी."

"ते माझ्यामुळे," हाजी म्हणाले. त्यांना बरं वाटल्याचं दिसत होतं. ते आत जाऊन कॉफीची किटली घेऊन आले. एकही थेंब न सांडता त्यांनी तिचा पेला भरला. साखर किती, हे त्यांनी विचारलं. खैराने सांगितलं आणि त्यांनी तेवढीच घातली. मग समोर न बसता, जरा अंतर ठेवून, भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. "मी दिवसभर गाडीवर असतो, बाई. तिची आई गेली. पोर एकटी पडते. तुमच्याकडे काही चुकलं तर मला सांगा, पण तिला मारू नका."

"कधीच नाही मारलं."

"तुमच्याबद्दल ती चांगलं बोलते."

खैराने पेला ओठांना लावला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "उशीर झाला की काळजी वाटते का तुम्हाला?"

हाजींनी बाल्कनीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर दुकानांची लोखंडी दारं ओढली जात होती. "वाटते," ते म्हणाले. "पण येते ती. कितीही उशीर झाला तरी येते."

कॉफी संपली. ती बसून राहिली असती; कुठे जायचं तरी होतं? पण हाजी अवघडल्यासारखे झाले, बाहेरच्या उजेडाकडे आणि उघड्या दाराकडे आळीपाळीने बघू लागले. अंधार पडायच्या आत पोचायला हवं तुम्हाला, असं ते म्हणाले. एकट्या बाईने उशिरा जाणं बरं नाही. त्यांनी तिची बॅग स्वतः उचलायचा प्रयत्न केला. ती जड होती. तिने ती हळूच त्यांच्या हातातून घेतली, आणि त्यांनी माफी मागितल्यासारखं हसून दाराकडे हात केला.

ती बाहेर आली. ते उंबऱ्यात सरळ उभे राहिले. पाहुणा जिन्याच्या वळणाआड होईपर्यंत दार लावायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. खालच्या मजल्यावर बख्ता तोंडावर ओढणीचं टोक धरून उभी होती.

खैरा पहिल्या पायरीवर थांबली. मागे हाजींची थोडी हालचाल झाली. भिंतीवर हात चाचपण्याचा आवाज आला आणि जिन्यातला दिवा लागला.

"सांभाळून, बाई," ते म्हणाले. "तिसरी पायरी मोडकी आहे."

ती बॅग घेऊन उतरू लागली.